सातवा रकाना

फॉर्मवर सातवा रकाना:
या कामामागची आपली प्रेरणा. पन्नास शब्दांत.
आधीचे सहा मी बसमध्येच भरले,
ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, गुडघ्यावर कागद ठेवून.
सातव्यापाशी पेन अडलं.
मागे एकेचाळीस पोरं
डब्यातल्या चिंचोक्यांसारखी खडखडत होती.

तुबलीची खाडी.
भिंत, गोदाम, भिंत, काँक्रीटचा कारखाना,
आणि मध्येच कुणी उचलायचं विसरलं म्हणून राहिल्यासारखी
एक हिरवी पट्टी.
मक्की आधीच पोटरीभर चिखलात उभा.
"उशीर झाला," म्हणतो,
"भरती तुमच्या शाळेची बस बघून येत नाही."

मक्कीच्या भाषेत ही झाडं कुर्म.
माझ्या भाषेत कूर्म म्हणजे कासव,
देवळात घंटेखाली बसलेलं.
पहिल्या दिवशी मी तासभर कासवंच शोधत होते.
ही तर आपली तिवरं!
आचऱ्याच्या खाडीकाठी यांच्याच आडोशाला
आम्ही टमरेल घेऊन बसायचो.
या विषयातलं माझं मूळ शिक्षण तेवढंच.

पोरांना सांगते, पान चाटा.
एकेचाळीस जिभा बाहेर,
एकेचाळीस तोंडं वाकडी.
मीठ!
सांगते, खाऱ्या पाण्यावर जगायचं
तर झाडालासुद्धा घाम गाळावा लागतो.
रेयान नाक दाबून म्हणतो, मिस, इथे घाण वास येतो.
येतोच. खोटं कशाला सांगू?
शिफाना एक पान रुमालात गुंडाळते.
"कशाला गं?"
"उप्पाला दाखवायला. त्याचा शर्ट पण असाच पांढरा होतो."
यापुढे माझ्या वहीत
काहीच लिहिलेलं नव्हतं.

मक्कीचे वडील हद्रा लावायचे,
खजुराच्या काड्यांचं कुंपण, ओहोटीला मासे आत अडकायचे.
ती जागा आता फर्निचरच्या दुकानात आहे,
सोफ्यांच्या विभागात.
एकदा म्हाताऱ्याला तिथे नेलं, तर सोफ्यावर बसून
सेल्समनला विचारलं,
आज पाणी किती आहे?
मक्की हे हसत सांगतो. दर वेळी हसतच सांगतो.
मी त्याला फॉर्म दाखवला. तुझी प्रेरणा काय रे?
"उम्म मिहीर, घरी बसलं की माझे गुडघे दुखतात.
चिखलात दुखत नाहीत."
शब्द मोजले. पन्नास होत नव्हते.

माझं मात्र एवढं सोपं नाही.
सुहास भरावाच्या कंपनीत सर्व्हेअर आहे.
समुद्र किती उरला ते तो रोज मोजतो,
आणि महिनाअखेरी त्यातूनच
घराचं भाडं, मिहीरची फी, गावच्या छपराचे पत्रे.
हे पेनसुद्धा त्याच कंपनीचं.
आम्ही यावर भांडत नाही.
एकदा भांडलो होतो.
तेव्हापासून टेबलाच्या एका टोकाला त्याचे नकाशे,
दुसऱ्या टोकाला माझे खेकड्यांचे तक्ते,
आणि मध्ये लोणच्याची बरणी.

आज रात्री मी तक्ते कापत होते
तेव्हा माझे बूट तो मोरीत धूत होता.
न सांगता धुतो, ही त्याची पद्धत.
हाक आली, "अगं, यात कोणीतरी आहे."
डाव्या बुटाच्या तळाशी
नखाएवढा खेकडा, एक नांगी उगारून
मोरीच्या बल्बशी लढायला तयार.

"जगेल का नळाच्या पाण्यात?"
"नाही."
त्यानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा.
उद्या पहाटे पाचला त्याची बोट.
मग श्रीखंडाचा रिकामा डबा काढला,
बुटातला चिखल चमच्यानं खरवडून त्यात घातला,
झाकणाला सुरीनं भोकं पाडली
आणि गाडीची चावी शोधू लागला.
"कुठल्या बाजूनं जायचं? कारखान्याकडून की भिंतीकडून?"
वीस वर्षं या किनाऱ्याचा नकाशा काढणारा माणूस
मला रस्ता विचारत होता.

भिंतीकडून, म्हटलं.
डबा मांडीवर घेऊन बसले.
आत खरखर चालली होती.
फॉर्म उद्या दुपारपर्यंत द्यायचा आहे.